रेलक्सिल फिट करताना या चुका टाळा

न्यूस्टार या क्ष-किरण दुर्बिणीचा डेटा एक्सस्पेक या वर्णपट-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन नुसता पॉवर लॉ (ऊर्जेच्या ठरावीक घातांकाने उतरणारा साधा वर्णपट) लावला, की उरलेल्या फरकात दोन उंचवटे दिसतात. एक 6.4 केईव्हीच्या (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) आसपास, लोखंडाच्या रेषेचा. दुसरा 20 ते 30 केईव्हीत, कॉम्प्टन विकिरणाचा. कृष्णविवराभोवतीच्या तबकडीवर आपटून परतलेल्या क्ष-किरणांची ही खूण. मग रेलक्सिल हे या परावर्तनाचं मॉडेल लावलं जातं, फरक सपाट होतो, काय-स्क्वेअर (जुळणी किती चांगली याचं माप) छान येतो आणि कृष्णविवराची फिरकी (कमाल 1) 0.99 निघते. इथे थोडं थांबा. मला आजवर खटकलेल्या फिटपैकी बहुतेकांचा काय-स्क्वेअर उत्तमच होता.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे कंटिन्युअम, म्हणजे रेषांखालचा सलग वर्णपट, दोनदा मोजणं. रेलक्सिलमध्ये मूळ पॉवर लॉ आधीच असतो. रिफ्लेक्शन फ्रॅक्शन (परावर्तनाचं प्रमाण) धन असेल तर पॉवर लॉ आणि परावर्तन दोन्ही मिळतात, ऋण असेल तर फक्त परावर्तन. तरीही सवयीने बाहेरून आणखी एक पॉवर लॉ जोडला जातो. फिट बिघडत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही. पण मग त्या फ्रॅक्शनला काही अर्थ उरत नाही. वेगळा पॉवर लॉ हवाच असेल तर फ्रॅक्शन −1 वर गोठवा आणि दोन्हींचा गॅमा (पॉवर लॉचा घातांक) एकमेकांशी बांधा.

तबकडीच्या आतल्या त्रिज्येच्या चिन्हाकडेही नीट बघा. −1 म्हणजे सर्वांत आतली स्थिर कक्षा, −6 म्हणजे तिच्या सहापट, आणि धन 6 म्हणजे सहा गुरुत्वीय त्रिज्या. फिरकी शून्य असेल तर ती कक्षा 6 गुरुत्वीय त्रिज्यांवर असते, 0.998 असेल तर साधारण 1.24 वर. रेषेचा आकार आपल्याला तबकडीची आतली कड सांगतो. ती कड त्या कक्षेपाशीच आहे असं धरलं, तरच फिरकी निघते. त्यामुळे दोन्ही पॅरामीटर एकदम मोकळे सोडू नका. फिरकी हवी असेल तर त्रिज्या −1 वर ठेवा. त्रिज्या हवी असेल तर फिरकी 0.998 वर गोठवा.

फिटमध्ये लोखंडाचं प्रमाण सूर्याच्या पाच-सात पट आलं, की तो ताऱ्याचा गुण आहे असं लगेच लिहू नका. आधी तबकडीची घनता तपासा. मॉडेलच्या जुन्या तक्त्यांमध्ये ती घन सेंटिमीटरला 10¹⁵ कण इतकी धरलेली असते. ताऱ्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरांची तबकडी त्याहून फार दाट असते. घनता वाढली की मुक्त इलेक्ट्रॉनांच्या शोषणामुळे पृष्ठभाग जास्त तापतो, कमी ऊर्जेकडचं उत्सर्जन वाढतं आणि लोखंडाची मागणी उतरते. सिग्नस एक्स-1 या कृष्णविवर-जोडताऱ्यात 2018 साली नेमकं हेच दिसलं: घनता 10²⁰ च्या पुढे नेल्यावर लोखंड सूर्याइतकंच पुरलं. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग वाटतो. एका गोठवलेल्या पॅरामीटरची चूक दुसऱ्याच पॅरामीटरच्या नावावर चढली होती.

सक्रिय दीर्घिकांमध्ये दूरच्या वायूची अरुंद 6.4 ची रेषाही असते. तिच्यासाठी वेगळा झिलव्हर (दूरच्या वायूवरच्या परावर्तनाचं मॉडेल) जोडला नाही तर रुंद रेषेचं मॉडेल ती भरून काढायला जातं आणि तबकडीचा कल (आपल्या दृष्टिरेषेशी असलेला कोन) चुकतो. तेजस्वी स्रोतांच्या सीसीडी डेटात पाइल-अप (एकाच वेळी आलेले अनेक फोटॉन एकच म्हणून मोजले जाणं) आधी तपासा. जीएक्स 339-4 या कृष्णविवराच्या रेषेच्या रुंदीवरचा वाद यातूनच उठला होता.

ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या डेटावर काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एसएक्सटी या कमी ऊर्जेच्या दुर्बिणीला गेन फिट (ऊर्जामापनाची दुरुस्ती) द्या. ऑफसेट बहुधा 0.03 केईव्हीच्या जवळपास येतो. आणि जास्त ऊर्जेच्या एकट्या एलएएक्सपीसी उपकरणावरून रेषेचा आकार वाचू नका. तिथे विभेदन जाडंभरडं आहे, 3 टक्के सिस्टिमॅटिक (उपकरणाची पद्धतशीर त्रुटी) हीही सहसा धरावी लागते. कॉम्प्टन उंचवट्यासाठी मात्र ते उपकरण फार उपयोगी.

फिट एकाच ठिकाणाहून सुरू करू नका. फिरकी 0.1, 0.5 आणि 0.9 अशी तीनदा सुरू करा, स्टेपपार (एक्सस्पेकची पॅरामीटर पायरीपायरीने तपासणारी आज्ञा) चालवा, मग मार्कोव्ह साखळ्या (एमसीएमसी). उत्सर्जकता निर्देशांक (तबकडीची चमक बाहेरच्या दिशेने किती वेगाने घटते ते) 10 च्या मर्यादेला चिकटला असेल तर त्या फिटमधल्या फिरकीवर भिस्त ठेवू नका.

कलाची जुळणी कक्षेच्या मोजमापाशी करून बघा. सिग्नस एक्स-1 ची जोडकक्षा साधारण 27 अंश कललेली आहे, परावर्तनाच्या फिटमध्ये मात्र पुष्कळदा 40 च्या आसपास येतं. आतली तबकडी वाकलेली असणं शक्य आहे, तसंच मॉडेल अपुरं असणंही. कल एकदा 27 वर गोठवून आणि एकदा मोकळा ठेवून, दोन्ही फिरक्या तक्त्यात द्या.