निशिगंध लावताय? वाण ठरवण्याआधी मुळं बघा

एप्रिल-मे हा निशिगंधाच्या लागवडीचा काळ. सध्या सगळीकडे एकच चौकशी चालू आहे: प्रज्वल (एकेरी पाकळ्यांचा म्हणजे सिंगल वाण) लावू की डबल (दुहेरी पाकळ्यांचा)? चौकशी रास्त आहे, पण त्याआधी हे कंद कोणत्या शेतातून निघाले आणि तिथल्या झाडांची मुळं कोणी पाहिली का, ते विचारा. वाण चुकल्यामुळे वाया गेलेले प्लॉट थोडे. गोणीतले साफसूफ कंद न बघता उचलल्यामुळे गेलेले मात्र पुष्कळ.

खरी भीती सूत्रकृमीची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जमिनीतल्या बारीक कृमींची. त्यांच्या गाठी मुळांवर असतात आणि विक्रीचा कंद मुळं छाटूनच गोणीत भरला जातो. म्हणजे रोग ओळखायची जागाच कापून टाकलेली असते. सुरुवातीला फुलांचे दांडे निघतात, म्हणून शंका येत नाही. पुढे झाडं खुजी राहतात, पानं पिवळी पडतात, दांडे आखूड होतात. मग दुकानदार टॉनिकची बाटली देतो, नंतर ह्युमिकची, नंतर आणखी कसली. गाठींनी भरलेल्या मुळाला त्यातलं काहीच पोचत नाही.

म्हणून कंद उभ्या प्लॉटवरच पसंत करा. वेगवेगळ्या कोपऱ्यांतली आठ-दहा झाडं उपटून मुळं बादलीत धुवा. दोन झाडांवर जरी फुगीर गाठी दिसल्या, तरी तो माल सोडा. भाव कितीही पाडून दिला तरी सोडा. शेतकरी झाडं उपटू देत नसेल, तर तेच उत्तर समजा.

कंद हातात घेतल्यावर आणखी एक गोष्ट बघा. निशिगंधाचा कंद एकदाच फुलतो. पुढची फुलं त्याच्या बाजूच्या पिल्लांना येतात. मधोमध जुन्या दांड्याचा वाळका खुंट असेल, तर तो कंद फुलून गेलेला आहे. असे थोराड कंद ‘मोठा माल’ म्हणून महाग विकले जातात. आपल्याला हवा तो टोकाला निमुळता, २ ते ३ सेंमी जाडीचा, टणक कंद. तळ नखाने खरवडा. आत पांढरा निघाला तर ठेवा, तपकिरी किंवा मऊ लागला तर फेका. ही शेतातली पारख आहे, पण सहसा चुकत नाही.

आता वाण. सुट्या फुलांसाठी, म्हणजे हार-वेणीच्या बाजारासाठी, सिंगलच लावा. राहुरी विद्यापीठाचा फुले रजनी आणि बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे श्रृंगार व प्रज्वल हे भरवशाचे. श्रृंगार मुळावरच्या गाठींच्या सूत्रकृमीला बऱ्यापैकी तोंड देतो, म्हणून आधी टोमॅटो, वांगी किंवा भेंडी घेतलेल्या रानात आमचा कल त्याच्याकडे. प्रज्वलचं फूल मोठं आणि कळीला गुलाबी झाक असते; झाक नसेल तर लॉट भेसळीचा. हे फक्त फुलोऱ्यातच कळतं, त्यामुळे पुढच्या वर्षी कंद घ्यायचे असतील तर प्लॉट यंदाच बघून ठेवा. फुलदाणीच्या दांड्यांसाठी सुवासिनी (डबल) किंवा वैभव (सेमी-डबल). डबलची फुलं नीट उमलत नाहीत, सुट्या बाजारात ती नेऊ नका. रजत रेखा आणि स्वर्ण रेखा पट्टेदार पानांचे, कुंडीसाठी ठीक.

डॅफोडिलच्या कंदांच्याही जाहिराती दिसतात. त्याला फुलायला तीन-चार महिने थंडी लागते. आपल्या मैदानी भागात त्यावर पैसे घालू नका.

लागवड, एकरी:
– कंद काढल्यावर सावलीत पसरून किमान ४ आठवडे विश्रांती
– कार्बेन्डाझिम २ ग्रॅम प्रति लिटर, २० ते २५ मिनिटे बुडवणे
– अंतर ३० × २० सेंमी, खोली ५ ते ६ सेंमी. सुमारे ६६,००० कंद
– चांगलं कुजलेलं शेणखत १५ ते १६ टन, निंबोळी पेंड ४०० किलो
– नत्र ८०, स्फुरद ६०, पालाश ८० किलो. स्फुरद-पालाश लागवडीवेळी, नत्र चार हप्त्यांत (लागवडीला, मग ३०, ६०, ९० दिवसांनी)

बुडवणीचं द्रावण बुरशीसाठी आहे. सूत्रकृमी त्याने मरत नाही, म्हणून ‘बेणेप्रक्रिया केली आहे’ एवढ्यावर मुळं बघायचं टाळू नका. सूत्रकृमीसाठी कोणी फोरेट पुढे केलं तर घेऊ नका, त्यावर देशात बंदी आहे. रान संशयित असेल तर यंदा तिथे झेंडू घ्या आणि निशिगंध दुसरीकडे लावा.

वळवाच्या सरी कधीही येतील. कंद अजून जमिनीत असतील तर पाणी आजच तोडा आणि पानं पिवळी पडताच काढणी उरका. ओल्या मातीतून काढलेला कंद ढिगात सडतो. चार आठवडे मोजून लागवड मृगाच्या आधी बसत नसेल, तर कमी क्षेत्र लावा, पण विश्रांती कापू नका.

पावसाळ्यात बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती खोडकूज. झाड मातीसकट काढून शेताबाहेर जाळा, सरीत पाणी तुंबू देऊ नका आणि त्या जागेचे कंद पुढच्या लागवडीला धरू नका.