नावं ठेवायची तर नाव नीट लिहून

पहिल्या नोकरीत मी लिहिलेली एक शेल स्क्रिप्ट (संगणकानं एकामागून एक पाळायच्या आज्ञांची फाईल) रोज रात्री बॅकअप घ्यायची. सुरुवातीलाच ती लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदींच्या फाईलमध्ये, एक ओळ टाकायची, की आता अमुक सर्व्हरवरच्या फायली घेतेय. सर्व्हर विंडोजचा होता आणि मी तेव्हा लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या नव्या नव्या प्रेमात होते. मायक्रोसॉफ्टचं नाव सरळ लिहिणं म्हणजे शरणागती, असं काहीतरी डोक्यात होतं. म्हणून मधला एस काढून तिथे डॉलरचं चिन्ह घातलं, ‘Micro$oft’ असं, आणि स्वतःवरच खूश झाले.

लॉगमध्ये नुसतं ‘मायक्रो’ उमटायचं. शेलमध्ये दुहेरी अवतरणचिन्हांत डॉलर आला की पुढची अक्षरं व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवायच्या जागेचं, नाव समजली जातात. ‘ऑफ्ट’ नावाचं व्हेरिएबल कुठेच नव्हतं, त्यामुळे तिथे काहीच छापलं जात नव्हतं. माझ्या हे लक्षातही आलं नाही. काही आठवड्यांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सगळ्या स्क्रिप्टांच्या माथ्यावर ‘सेट -यू’ टाकलं. म्हणजे न ठरवलेलं व्हेरिएबल भेटलं की स्क्रिप्टनं तिथेच थांबायचं. माझी थांबली. त्या रात्री बॅकअप झालाच नाही. सकाळी ती ओळ वाचून ते एवढंच म्हणाले, “विनोद बरा होता, बॅकअप झाला असता तर.”

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना मी हा किस्सा आधी सांगते, कारण तो स्वस्तात निभावला. पुढचे तितके स्वस्त नव्हते.

मायक्रोसॉफ्टची ही टवाळी उगाच सुरू झालेली नाही, हेही खरं. 1976 मध्ये मायक्रोसॉफ्टचे संस्थापक बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उघडं पत्र लिहून, कंपनीचं बेसिक हे प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर पैसे न देता वापरणं म्हणजे चोरी आहे, असं सुनावलं होतं. 2001 मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. लोकांचा राग खरा होता आणि डॉलरचं चिन्ह हे त्यांचं हत्यार होतं. पण मी ते उचललं तेव्हा लढाईचं मैदान हललेलं होतं. 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टनं लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सुमारे 20,000 ओळींचा ड्रायव्हर कोड दिला, 2016 मध्ये ती लिनक्स फाउंडेशनची सदस्य झाली आणि 2018 मध्ये तिनं गिटहब हे कोड ठेवण्याचं संकेतस्थळ विकत घेतलं. म्हणजे आज तिथल्या एखाद्या रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) कुणी तिला टोपणनावानं हिणवत असेल, तर तो टोमणा तिच्याच घरात ठेवलेला असतो!

मला खरा धडा मिळाला तो बग रिपोर्टमुळे, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष कळवण्याच्या तक्रारीमुळे. एका ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमुळे माझा स्क्रीन झोपेतून उठताना काळा पडायचा. दोन दिवस वाया गेल्यावर मी रिपोर्ट लिहिला. शीर्षकात कंपनीचं चिडवण्याचं नाव, पहिल्या परिच्छेदात माझा संताप, आणि ड्रायव्हरची आवृत्ती, कर्नलची आवृत्ती, लॉग वगैरे कुठेच नाही. उत्तर आलं नाही. महिन्याभरानं तोच त्रास असलेल्या दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट मला दिसला. त्यात कार्डाचं मॉडेल, दोन्ही आवृत्त्या, कोणत्या आवृत्तीपर्यंत सगळं ठीक होतं ते, आणि त्रास पुन्हा घडवण्याच्या चार पायऱ्या. रागाचा शब्द एकही नाही. त्याला तिसऱ्या दिवशी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, मिळाला होता. पॅच देणारा इंजिनियर त्याच कंपनीत नोकरीला होता. माझा रिपोर्टही त्याच्याच टेबलावरून गेला असणार.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे संध्याकाळी हौसेनं काम करणारे लोक, असं आपण धरून चालतो. लिनक्स कर्नलमधलं बरंचसं काम पगारी इंजिनियर करतात, आणि ते ज्या कंपन्यांतून येतात त्यांतल्या कित्येकांना आपण चिडवत असतो. ज्याच्याकडून मदत हवी, त्याच्या घराण्याचा उद्धार करूनच आपण दार वाजवतो.

दुसरी अडचण शोधाची. चिडवण्याच्या नावानं लिहिलेली अडचण खऱ्या नावानं शोधणाऱ्याला सापडत नाही. इंटेलच्या आयटॅनियम प्रोसेसरला 1999 मध्ये, नाव जाहीर झाल्या झाल्या, लोकांनी टायटॅनिकवरून ‘आयटॅनिक’ केलं. नाव झकास होतं आणि चिप पुढे फारशी चालली नाही हे पाहता अगदीच चुकीचंही ठरलं नाही. पण सी प्लस प्लस या भाषेसाठी जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर बहुतेक ठिकाणी जी एबीआय (तयार कोडचे तुकडे एकमेकांशी कसे जुळावेत याची नियमावली) पाळतात, तिचं नाव आजही आयटॅनियम सी प्लस प्लस एबीआय असंच आहे. तिथे ‘आयटॅनिक’ टाकून शोधलंत तर हाती जुने विनोद लागतील.

मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या ग्नू प्रकल्पाचं मला कौतुक वाटतं. मालकीच्या सॉफ्टवेअरला त्यांच्याइतका कडवा विरोध क्वचितच कुणी केला असेल. त्यांच्या कोडिंग नियमांत लिहिलंय की विंडोजसाठी ‘विन’ असं लघुरूप वापरू नका, कारण हॅकरांच्या बोलीत ‘विन’ म्हणजे शाबासकी. आता हा टोमणाच आहे, पण इमॅक्स या त्यांच्या टेक्स्ट एडिटरमधल्या विंडोजसाठीच्या फायलींना त्यांनी नाव दिलं ‘डब्ल्यू 32’. फाईल उघडणाऱ्याला नेमकं कळतं. टोमणा नियमात राहिला, कामात आला नाही.

मग सगळीच टोपणनावं वर्ज्य का? नाहीत. आयबीएमला ‘बिग ब्लू’ म्हटलं तर तिथलं कुणी रागावत नाही. 1997 मध्ये बुद्धिबळात कास्पारोव्हला हरवणाऱ्या त्यांच्या यंत्राचं नावही ‘डीप ब्लू’ होतं. एक्सला अजून ट्विटर म्हणणारा सवयीनं म्हणतो. माझी कसोटी सोपी आहे: त्या कंपनीतला माणूस समोर बसला असता तर मी हे नाव उच्चारलं असतं का? आमच्या टीममध्ये एका क्लायंटला ठेवलेलं नाव एकदा कुणीतरी तिकिटाच्या, म्हणजे कामाच्या नोंदीच्या, शीर्षकात टाकलं. तिकीट बंद झालं, की सिस्टीम क्लायंटला आपोआप मेल पाठवते. शीर्षकासकट. त्या आठवड्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

याचा अर्थ टीका गिळायची, असा नाही. लिनक्सचे जनक लायनस तोर्वाल्ड्स 2009 मध्ये म्हणाले होते की मायक्रोसॉफ्टची थट्टा मीही करतो, पण तिचा द्वेष हा आजार आहे. (तेच गृहस्थ 2012 मध्ये एका जाहीर कार्यक्रमात एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डांच्या कंपनीला मधलं बोट दाखवून मोकळे झाले. तोर्वाल्ड्सना ते खपतं. नोकरीच्या पहिल्या वर्षात तुम्हाआम्हाला नाही.) कंपनीनं दाखवलेली मुदत हुकली असेल तर तारीख लिहा. परवाना बदलला असेल तर कोणतं कलम बदललं ते लिहा. ‘विंडोज बंडल आहे’ या वाक्याला कुणी उत्तर देत नाही. ‘अमुक बिल्डनंतर हा कॉल चुकीचा एरर कोड देतो’ याकडे दुर्लक्ष करणं तिथल्या माणसाला अवघड जातं.

आणि कमिट मेसेजमध्ये, म्हणजे कोडमधला बदल नोंदवताना लिहायच्या टिपणात, तर विनोद नकोच. गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात मेसेजही कमिटच्या हॅशमध्ये (मजकुरावरून काढलेल्या ओळखक्रमांकात) धरलेला असतो. तो बदलायचा तर त्यापुढचे सगळे हॅश बदलतात आणि ज्यांच्याकडे प्रती आहेत त्या सगळ्यांना त्रास. म्हणून कुणी बदलत नाही, तो तसाच राहतो.

मागच्या महिन्यात त्या जुन्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचा मेसेज आला. नव्यानं लागलेला एक मुलगा बॅकअप स्क्रिप्टचा इतिहास वाचत होता, आणि त्यानं तिला विचारलं होतं, “हे ऑफ्ट कोण होते?”