शाकारणीला छपरावर चढताय? या चुका टाळा

मे महिना अर्धा सरला की कोकणात घरोघर शाकारणीची, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करून घेण्याची घाई. गडी कडेवरून घसरेल, एवढीच भीती आपण धरतो. पण छप्पर पायाखाली फुटून तो थेट पडवीत किंवा गोठ्यात कोसळतो, त्याचा विचारच होत नाही. म्हणून शिडी लावण्याआधी घरात जा आणि छप्पर खालून बघा.

सगळ्यात घातक चूक सिमेंटच्या पत्र्यावर पाय देण्याची. हा पत्रा वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. गेल्या वर्षी त्यावर चाललो होतो, हा भरवसा नको. उन्हापावसात तो ठिसूळ होत जातो. बोल्टांच्या ओळीवरून चाललं की झालं, असं जुने लोक सांगतात. मला ते पटत नाही, कारण तोल गेला की पाऊल ओळीबाहेरच पडतं. खालच्या दोन-तीन आधारांवर टेकेल अशा लांब फळ्या टाका आणि बांधून घ्या. फळ्या दोन हव्यात, एक सरकवताना दुसरीवर उभं राहता येतं. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा शेवाळ चढल्यावर वरून ओळखू येत नाही. तो कितवा आहे ते खालूनच मोजून ठेवा.

कौलारू घर असेल तर वासे आणि त्यांवरच्या, कौलं पेलणाऱ्या आडव्या रीपा टोचून बघा. भिंतीत गेलेली टोकं ओलीने आधी कुजतात; भुसा पडला तर तिथे वजन नको.

कमरेला नुसता दोर बांधू नका. पडताना सगळा हिसका पोटाला आणि कण्याला बसतो. खांद्या-मांड्यांना धरणारा पूर्ण पट्टा घ्या. त्याचा दोर रीपेला नव्हे, आढ्यावरून पलीकडे नेऊन भक्कम झाडाच्या बुंध्याला बांधा.

बारा फुटांवर टेकणाऱ्या शिडीचा पाय भिंतीपासून तीन फूट, वरचं टोक पागोळीच्या तीन फूट वर, आणि ते बांधलेलं. घरात येणारी विजेची तार जवळ असेल तर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी नकोच.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दिवेआगरकडे घरं झाकायची केवढी घाई होती! तरीही ओल्या कौलावर चढू नये. कौलं वाळेपर्यंत ताडपत्री ओढा, तीही शिडीवरून पोचेल तेवढीच.

कुणी पडलाच तर हातपाय धरून उचलू नका. मान स्थिर ठेवून १०८ ला फोन करा. ‘काही झालं नाही’ म्हणाला, तरी डॉक्टरांनी मणका तपासेपर्यंत त्याला उठवू नका.