आमोर्गोस बेटावर मुक्काम कुठे करावा?

ग्रीसमधील आमोर्गोस बेटावर खोली ठरवण्यापूर्वी बोटीचे तिकीट नीट वाचावे, कारण या लांबट, डोंगराळ बेटाला कातापोला आणि एगियाली अशी दोन बंदरे असून त्यांच्यामधला वळणावळणाचा रस्ता सुमारे 20 किलोमीटरांचा आहे. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून येणाऱ्या काही बोटी मध्यरात्रीनंतर धक्क्याला लागतात. अशा वेळी सामानासह भलत्याच बंदरात उतरल्यास टॅक्सी मिळेलच असे नाही. म्हणून पहिली रात्र तरी उतरण्याच्या बंदरातच काढावी आणि बोटीची वेळ खोलीमालकाला आधी कळवावी, म्हणजे धक्क्यावर कोणी घ्यायला येईल का, हेही विचारता येते.

पुढची निवड आवडीची. रोज समुद्रात डुंबायचे असेल, तर वाळूचा लांब किनारा लाभलेले एगियाली उत्तम. मला स्वतःला मात्र डोंगरावरचे खोरा हे गाव अधिक भावते: तिथल्या पांढऱ्या घरांमधल्या अरुंद गल्ल्यांत गाड्या शिरत नाहीत आणि उभ्या कड्याला चिकटून बांधलेला होझोव्हिओतिसाचा मठ तिथून चालत जाण्याजोगा आहे. परंतु बॅग हातानेच उचलून न्यावी लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वारा जोरात वाहत असल्याने, गच्चीवर निवांत बसायची इच्छा असल्यास आडोशाची खोली आवर्जून मागून घ्यावी.