रॅम वाढवताना या चुका टाळा: खाचेत बसली म्हणजे चालेलच असं नाही

गेल्या पावसाळ्यात नऱ्ह्याहून मावसभावाचा फोन आला. "दादा, नवीन रॅम टाकलीये. पंखा फिरतोय, लाइट लागतोय, पण स्क्रीन काळीच." मी म्हटलं, "स्टिकवरच्या स्टिकरचा फोटो पाठव." फोटो आला आणि घोळ कळला. त्यावर लिहिलं होतं १६जीबी, २आरएक्स४, पीसी४-२४००टी-आरए१. शेवटच्या 'आरए१' मधल्या 'आर'नेच घात केला होता.

'आर' म्हणजे रजिस्टर्ड, सर्व्हरची रॅम. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतून जुनी यंत्रं लॉटने बाहेर पडतात, त्यांतल्या सर्व्हरच्या रॅमही सेकंड-हँड बाजारात येतात आणि साध्या रॅमपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात. डीडीआर४ (डीडीआरपुढचा आकडा म्हणजे रॅमची पिढी) मध्ये ही रॅम घरच्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये अगदी झोकात बसते, खाचही जुळते, पण साधा मदरबोर्ड तिच्यावर सुरू होत नाही. विकणाऱ्याने "चालेल की" म्हटलं होतं. कशात, ते भावाने विचारलं नाही.

म्हणून आधी स्टिकर वाचायला शिका. 'पीसी३' म्हणजे डीडीआर३, 'पीसी४' म्हणजे डीडीआर४. मधला आकडा वेगाचा. डीडीआर३ वर तो बहुधा १२८०० असा दिसतो, त्याला ८ ने भागलं की १६०० हा नेहमीचा वेग मिळतो. खरी गंमत त्यापुढच्या अक्षरात आहे (डीडीआर४ वर मध्ये 'टी'सारखं एक अक्षर येतं, मग डॅशनंतर हे). 'यू' असेल तर साधी डेस्कटॉपची रॅम, 'एस' असेल तर लॅपटॉपची आखूड स्टिक, 'ई' म्हणजे ईसीसी, अर्थात चुका स्वतः दुरुस्त करणारी, आणि 'आर' म्हणजे सर्व्हरची. घरच्या टॉवरसाठी 'यू'च हवं. रंगीत हीटसिंकवाल्या (उष्णता घालवणारं धातूचं कव्हर असलेल्या) स्टिकवर हा कोड बहुतेक वेळा नसतो, तिथे खोक्यावरचा पार्ट नंबर पाहावा लागतो.

आता यातही एक मेख आहे. ऑफिसातून निघालेली पुस्तकाएवढी छोटी डेस्कटॉप हल्ली घरोघरी दिसतात. नावाला ती डेस्कटॉप, पण आत लॅपटॉपच्या स्टिक. काउंटरवर "डेस्कटॉपची ८ जीबी द्या" म्हणालात तर दुकानदार लांब स्टिकच देणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. झाकण उघडून बघितल्याशिवाय घराबाहेर पडू नका. जुनी स्टिक काढून सोबत नेलीत तर सर्वांत उत्तम, एरवी दुपारी एक ते चारच्या आत-बाहेर दोन फेऱ्या ठरलेल्या.

पिढ्यांची गल्लत मात्र लगेच लक्षात येते. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ ला २८८. शेवटच्या दोघींच्या पिना सारख्या असल्या तरी खाचेची जागा वेगळी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, स्लॉट तुटला की मदरबोर्डच जातो. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून एकाच प्रोसेसरसाठी डीडीआर४ चे आणि डीडीआर५ चे असे दोन्ही बोर्ड निघाले, तेव्हा "माझा आय५ बारावी पिढी आहे" एवढं सांगून भागत नाही. बोर्डाचं नाव लागतं. एएमडीच्या एएम५ सॉकेटला (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) फक्त डीडीआर५ चालते.

बोर्ड किती रॅम घेतो, हेही पाहून ठेवा. जुन्या एच६१ बोर्डावर दोन स्लॉट आणि प्रत्येकी ८ जीबी, म्हणजे १६ च्या वर नाही. अशा डीडीआर३ यंत्रांसाठी 'फक्त एएमडीसाठी' असं बारीक अक्षरात लिहिलेली ८ जीबीची स्वस्त स्टिक ऑनलाइन मिळते. ती इंटेलच्या बोर्डावर चालत नाही. वर्णन शेवटपर्यंत वाचण्याचा कंटाळा इथे महाग पडतो. आणि विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची सगळी खरेदी पाण्यात.

वेगाबद्दल माझं मत सरळ आहे: बोर्ड आणि प्रोसेसर जेवढा वेग घेतात, त्यापलीकडे पैसे घालवू नका. एच११० बोर्डावर इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर ३२०० ची स्टिक २१३३ वरच पळेल. चालेल, बिघडणार काही नाही. याच्या उलटही घडतं. बोर्ड चांगला, स्टिक ३२०० ची, पण बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, कुणी सुरूच केलेलं नाही, म्हणून वर्षभर २४०० वर रखडलेली. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. वेग आणि वापरलेले स्लॉट दोन्ही तिथेच दिसतात.

जुन्या ८ सोबत नवी ८ लावताना दोन्ही स्टिक हळू असलेलीच्या चालीने चालतात. बहुतेक वेळा संसार सुखाचा होतो, कधीकधी यंत्र मधूनच हँग होतं. बजेट असेल तर जोडीच घ्या. चार स्लॉटच्या बोर्डावर जोडी बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायची असते. शेजारीशेजारी लावली की ड्युअल चॅनेलचा, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरण्याचा, फायदा हातचा जातो. डीडीआर५ च्या चार स्टिक लावायचा मोह आवरा: एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरवर दोन स्टिकला ५२०० चा अधिकृत वेग आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो.

एवढं करूनही स्क्रीन काळी राहिली तर? डीडीआर५ असेल तर आधी थांबा. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची जुळवणी करतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात, आणि घाबरून मधेच बटण दाबणारेच जास्त. जुन्या यंत्रात वायर काढा, स्टिक काढून सोनेरी पिना खोडरबरने हलक्या पुसा, चुरा झटका आणि दोन्ही बाजूंनी 'टक' आवाज येईपर्यंत दाबून बसवा. पुण्यातल्या पावसाळी दमट हवेनंतर निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, निदान माझ्याकडे आलेल्या तरी. नाही मिटली तर एकच स्टिक ठेवून एकेक स्लॉट तपासा. त्यानंतर बोर्डावरचा गोल सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून परत लावा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात.

नवीन रॅमसाठी बायोस अपडेट लागलाच तर गुरुवारी करू नका. पुण्यात महावितरणची देखभाल गुरुवारी निघते, आणि अपडेट अर्धवट असताना लाइट गेली की रॅमचा प्रश्न बाजूला राहून बोर्डाचाच प्रश्न होतो.

यंत्र सुरू झालं तरी रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवा. एकही एरर आली तर स्टिक दुसऱ्या दिवशी बदलून आणा. त्यासाठी बिलावर पार्ट नंबर लिहून घेतलेला असावा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत, की "तुमची नाही ही" म्हणून वाद घालायला दुकानदारालाही कारण मिळतं.