वाक्य पाहिल्याशिवाय इंग्रजी शब्दाची जात ठरवू नये

इंग्रजीतले पार्ट्स ऑफ स्पीच म्हणजे आपल्या शब्दांच्या जातीच. नाम, सर्वनामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत आठही नावे मराठी शाळेत पाठ झालेली असतात, त्यामुळे स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू करताना हा घटक मला सर्वांत सोपा वाटला होता. मी प्रत्येक जातीखाली शब्दांच्या याद्या करून पाठ केल्या. पहिल्याच सराव परीक्षेत ‘शी इज नॉट वेल टुडे’ या वाक्यातला ‘वेल’ अधोरेखित करून आला. माझ्या यादीप्रमाणे मी क्रियाविशेषणावर खूण केली आणि गुण गेला, कारण येथे ‘वेल’ म्हणजे ‘बरी’, आणि तो शब्द क्रियेविषयी काही न सांगता ‘शी’ची अवस्था सांगतो, म्हणून तो विशेषण आहे.

घरी येऊन मी त्याच शब्दाची आणखी वाक्ये लिहून पाहिली. ‘शी सिंग्ज वेल’ यात तो क्रियाविशेषण आहे, ‘द वेल इज ड्राय’ यात विहीर या अर्थाचे नाम आहे, तर ‘वेल, लेट अस स्टार्ट’ यात केवलप्रयोगी आहे. मराठीत ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ असे विशेषणाचे रूपच पुष्कळदा आपली ओळख देते. इंग्रजी शब्द मात्र बहुधा तसाच राहतो आणि त्याचे काम वाक्यातल्या जागेवरून ओळखावे लागते.

तेव्हापासून मी आधी क्रियापद शोधतो. त्यासाठी वाक्य भूतकाळात नेऊन पाहावे. जो शब्द बदलतो ते क्रियापद. मग उरलेला प्रत्येक शब्द कोणाविषयी बोलतो हे विचारावे. ‘अ फास्ट ट्रेन’मध्ये ‘फास्ट’ गाडीविषयी बोलतो, ‘द ट्रेन रन्स फास्ट’मध्ये धावण्याविषयी, आणि ‘शी फास्ट्स ऑन मंडे’मध्ये तोच शब्द उपवास करणे या अर्थाचे क्रियापद होतो. शब्दाच्या शेवटी ‘ली’ दिसला की क्रियाविशेषण, हा नियमही आंधळेपणाने लावू नये. ‘फ्रेंडली’ हे विशेषणच आहे.

मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण ‘आफ्टर’, ‘बिफोर’ यांसारख्या शब्दांपाशी होते, आणि तिचे मूळ आपल्या भाषेत आहे. आपण ‘परीक्षेनंतर’ म्हणतो आणि ‘परीक्षा संपल्यानंतर’ असेही म्हणतो. दोन्हीकडे ‘नंतर’ मागच्या शब्दाला जोडूनच येतो, म्हणून दोन्हीकडे आपल्याला शब्दयोगी अव्ययच दिसते. इंग्रजीत मात्र ‘आफ्टर द एक्झाम’मध्ये पुढे केवळ नाम आहे, म्हणून ‘आफ्टर’ प्रीपोझिशन, म्हणजे शब्दयोगी ठरतो, आणि ‘आफ्टर द एक्झाम एंडेड’मध्ये पुढे कर्ता व क्रियापद असलेले उपवाक्य आहे, म्हणून तोच शब्द कंजंक्शन, म्हणजे उभयान्वयी ठरतो. ही एक खूण पक्की केल्यावर माझ्या चुका झपाट्याने कमी झाल्या.

‘माय’, ‘दिस’ अशा शब्दांना जुनी पुस्तके विशेषण म्हणतात आणि नवी डिटर्मिनर, म्हणजे नामाआधी येऊन ते कोणते किंवा कोणाचे हे सांगणारा शब्द, म्हणतात. परीक्षेत समोर दिलेल्या पर्यायांकडे पाहूनच उत्तर द्यावे. सरावासाठी याद्यांऐवजी मी एकेका शब्दाला वहीचे एक पान देतो. ‘राउंड’च्या पानावर सध्या पाच वाक्ये आहेत आणि पाचही वाक्यांत त्याची जात वेगळी आहे.