लिनक्स टाकताय? डिस्ट्रोआधी बायोसकडे बघा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकणारे वाढले. त्यातले बरेच जण ‘मिंट की उबंटू?’ अशी डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती) निवडण्यातच आठवडा घालवतात. खरं तर मिंट 22 हे उबंटू 24.04 वरच उभं आहे, झोरिन या आणखी एका डिस्ट्रोचा पायाही उबंटूच. त्यामुळे एकावर न चालणारं वाय-फाय कार्ड बहुतेक वेळा दुसऱ्यावरही रुसतं. चारच जीबी रॅम असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, विंडोजसारखा मेनू हवा असेल तर मिंटचीच सिनॅमन. विषय संपला.

घोळ होतो तो दुसरीकडेच. माझ्याच लॅपटॉपवर मी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय, बंद केलं आणि विंडोजने बिटलॉकरची (डिस्कला लावलेल्या कुलपाची) 48 आकडी की मागितली. बिटलॉकर चालू आहे हेच मला माहीत नव्हतं! की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडली म्हणून वाचलो. तेव्हा बायोसला हात लावण्याआधी ती की कागदावर उतरवा आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज धड बंदच होत नाही, मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

सिक्युअर बूट चालूच ठेवलंत तर मिंटचा इन्स्टॉलर मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पानावर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. रीस्टार्टनंतर निळा स्क्रीन येतो आणि 10 सेकंद मोजू लागतो. आपण चहा आणायला गेलेलो असतो. ती वेळ हुकली की एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर चढत नाही आणि शिव्या बिचाऱ्या मिंटला. त्या निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल मोक’ (ड्रायव्हरची सही मान्य करण्याचा पर्याय) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमधला इंटेलचा आरएसटी मोड (डिस्क हाताळायची एक पद्धत) तपासा. तो बदलून एएचसीआय ही साधी पद्धत करावी लागते, पण थेट बदललात तर विंडोज उठणार नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर) सुरू होईल असं लावा, मग मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये चालू करून परत नेहमीसारखं करा.

पेनड्राइव्हवरून चालू करताना स्क्रीन काळा पडला तर मेनूतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ घ्या. वाय-फाय नाही दिसलं तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, ड्रायव्हर त्यावरून उतरवता येतो. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय मात्र संपूर्ण डिस्क पुसतो, फक्त सी ड्राइव्ह नाही. डी मधले लग्नाचे फोटोही जातात.

आणि दोन्ही सिस्टिम ठेवल्यात तर एक दिवस रात्री नऊला विंडोजच्या घड्याळात दुपारचे साडेतीन दिसतील. घड्याळाची बॅटरी गेली समजून दुकान गाठू नका. विंडोज मदरबोर्डवरची वेळ भारतीय धरतं, लिनक्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) टाइमडेटसीटीएल या कमांडचा ‘सेट-लोकल-आरटीसी’ पर्याय 1 केला की दोघांचं जमतं.